सहजस्फूर्ती की आळस?

नवोदित लेखकांच्या संग्रहांस जोडलेल्या मनोगतांत एक वाक्य हटकून आढळते. ‘जसे सुचले तसे लिहिले, मागाहून त्यात एका अक्षराचाही बदल केला नाही,’ हे ते वाक्य होय. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण आशय हाच. आणि तो सांगताना संकोच तर नसतोच, उलट एक प्रकारची ऐट असते. ‘मी या लाकडास रंधा लावला नाही’ असे सुताराने, किंवा ‘मी हा दागिना उजळला नाही’ असे सोनाराने गिऱ्हाइकास अभिमानाने सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग साहित्याच्याच पेठेत ही ऐट का चालावी? ती चालते, कारण आपण वाचकांनी ती चालवून घेतली आहे. सहजस्फूर्ती या भारदस्त नावाखाली जे खपविले जाते, तो पुष्कळदा निव्वळ आळस असतो; आणि त्याहून वाईट गोष्ट ही की, त्या लेखनात लेखकाचे स्वतःचे असे फारच थोडे असते. हेच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही औशासारख्या तालुक्याच्या गावी राहतो. लिहिण्यावाचण्याचा थोडा नाद आहे असा लौकिक झाल्यामुळे गावातील व आसपासच्या खेड्यांतील तरुण मंडळी आपल्या वह्या आमच्याकडे आणून देतात. त्यांचा उत्साह पाहून आनंद होतो, परंतु वह्या वाचून होणारा खेद लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एकच उदाहरण घेऊ. ‘औशाचा किल्ला’ या विषयावर आजवर आमच्या हाती किती कविता आल्या याची गणती नाही. त्यांपैकी बहुतेकींत गगनास भिडलेले कडे आहेत, ढगांशी झुंजणारे बुरूज आहेत आणि टापांच्या नादाने दुमदुमणाऱ्या दऱ्या आहेत. आता ज्याने हा किल्ला एकदा तरी पाहिला आहे त्यास ठाऊक आहे की, येथे कडा नाही आणि दरीही नाही. हा भुईकोट आहे. सभोवार उंच जमीन व मध्ये खोलगट जागी किल्ला, भोवती रुंद खंदक, अशी त्याची ठेवण. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यास दूरवरची फौज दिसावी आणि फौजेस मात्र किल्ला जवळ येईपर्यंत पुरता दिसू नये, ही त्याच्या रचनेतील खुबी. निजामशाहीची अखेर होत असता १६३६ साली शहाजहानच्या फौजांनी तो घेतला, तोही भुईवर तळ देऊनच. म्हणजे सहजासहजी नजरेत न भरणे हेच ज्या किल्ल्याचे बळ, त्यास आमचा कवी ‘गगनचुंबी’ करून सोडतो!

हा कवी काही परगावचा नव्हे. शाळेस जाता-येता हा खंदक त्याच्या दृष्टीस पडत असतो. मग कडे आले कोठून? ते आले सह्याद्रीतील गडांवरच्या कवितांतून, क्रमिक पुस्तकांतून, शिवजयंतीच्या व्याख्यानांतून. ‘किल्ला’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी येताच त्याच्यामागून ‘कडे’ आणि ‘टापा’ हे शब्द मेंढरांसारखे आपोआप चालत आले, आणि त्यांस अडविण्यास कवी दाराशी उभा नव्हता. त्याने किल्ला डोळ्यांनी पाहिला होता, परंतु लिहिला तो ऐकिवावरून.

येथेच आमच्या मुख्य सिद्धान्ताकडे येतो. पहिल्या खर्ड्यात जे ‘आपोआप’ येते ते बहुधा संकेत असते. आपल्या आधी हजारांनी वापरलेले शब्दांचे, प्रतिमांचे, भावनांचे साचे आपल्या स्मरणात वरच्या थरात पडलेले असतात. हात घातला की तेच प्रथम लागतात. स्वतः पाहिलेले आणि स्वतः भोगलेले खाली दडलेले असते. त्यास वर काढावयाचे तर वरचा थर बाजूस सारावा लागतो. हे बाजूस सारणे म्हणजेच पुनर्लेखन. म्हणून ‘पुनर्लेखनाने लेखनातील माझेपण नाहीसे होईल’ अशी जी भीती घातली जाते ती वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. पहिला खर्डा सर्वांचा असतो. तो आपला होतो तो खाडाखोडीनंतर.

संकेत म्हटला की तो त्याज्यच, असे मात्र आमचे मत नाही. आपल्या साहित्यशास्त्राने संकेताचा विचार हजार वर्षांपूर्वीच केलेला आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांस स्वतंत्र अध्याय दिले, यश पांढरे, चकोर चंद्रकिरणांवर जगणारा, अशा लोकव्यवहारात न आढळणाऱ्या गोष्टी काव्यात का चालाव्यात याची त्याने चर्चा केली. ओवी आणि अभंग हेही संकेतच आहेत. आमच्या औशाच्या नाथसंस्थानात चक्रीभजनाची परंपरा आहे. भजनाचे पद ठरलेले, चाल ठरलेली, गिरकीही ठरलेली. पण ज्याने ते भजन जवळून पाहिले आहे तो त्यास शिळे म्हणणार नाही. कारण गिरकी घेणारा प्रत्येक जण ती आपल्या पायांनी घेतो, आपला तोल आपण सांभाळतो. रूपाचा संकेत असा असतो. तो पाऊल कोठे टाकावे हे सांगतो. पाऊल आपले आपणच टाकावयाचे असते. आमचे भांडण आहे ते दृष्टीच्या संकेताशी, म्हणजे काय पाहावे व काय वाटावे हेही परस्पर ठरवून देणाऱ्या साच्याशी. पहिल्याने कवीस शिस्त लागते. दुसऱ्याने त्याचे डोळे जातात.

डोळे गेल्याने किल्ल्यावरची एक कविता फसली तर फारसे बिघडले नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु याच तालुक्यात अशी एक गोष्ट घडून गेली आहे की, तिच्याविषयी खोटे लिहिणे हा केवळ वाङ्मयीन दोष राहत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मेली. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. या घटनेवर त्यानंतर कविता किती लिहिल्या गेल्या! आजही दरवर्षी स्मृतिदिन आला की वह्या उघडल्या जातात. त्या कवितांत काय आढळते? काळाने घाला घातलेला असतो. धरणीमाता कोपलेली असते. अमावास्येसारखी काळीकुट्ट रात्र असते. आणि गरिबाची चंद्रमौळी झोपडी मातीस मिळालेली असते. एकूणएक शब्द उसना आहे, आणि उसना असल्यामुळेच खोटा आहे.

वस्तुस्थिती पाहावी. ती रात्र अमावास्येची नव्हती. चतुर्दशी नुकतीच सरत होती आणि पौर्णिमा उंबरठ्याशी आली होती. झोपडीविषयी तर बोलूच नये. या भागातील घरे ओबडधोबड दगड मातीत बसवून रचलेल्या जाड भिंतींची. वर थंडाव्यासाठी वर्षानुवर्षे थर चढविलेले मातीचे जड माळवद. माणसे मारली ती या भिंतींनी आणि या माळवदाने. ज्यास घर म्हणता येत नव्हते अशा गवता-पाल्याच्या हलक्या खोपी त्या मानाने टिकल्या. ज्याच्या भिंती जितक्या जाड, ज्याचे छत जितके भारी, त्यास तितका धोका अधिक, असा तो उलटा न्याय होता. आयुष्यभर पै-पै जोडून ज्याने माळवद घातले त्याच्यावर तेच कोसळले, आणि ज्यास ते कधी घालता आले नाही तो सकाळी उभा होता. यात केवढे दुःख, केवढा विचार, केवढी वाङ्मयाची सामग्री आहे! परंतु ‘भूकंप’ म्हटले की ‘झोपडी’ आणि ‘झोपडी’ म्हटले की ‘चंद्रमौळी’, या साच्याने ती सगळी सामग्री गिळून टाकली. धरणीमाता कोपली असे म्हटल्याने तर आणखी एक सोय होते. घरे कशी बांधावीत हा माणसांनी माणसांस विचारावयाचा प्रश्न देवीच्या पदरात टाकून मोकळे होता येते.

हे आम्ही दुसऱ्यांवर दोष ठेवण्यासाठी लिहीत नाही. पहिला अपराधी आम्हीच आहो. भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी आम्हीही एक चाळीस ओळींची कविता लिहिली होती; एका बैठकीत, एकही शब्द न खोडता. त्यात काळरात्र होती आणि चंद्रमौळी झोपडीही होती. तात्पुरत्या पत्र्याच्या वसाहतीत झालेल्या एका कार्यक्रमात ती आम्ही खड्या आवाजात म्हटली. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘‘गुरुजी, चांगलं लिवलंय तुमी. पर हे कंच्या बी गावाचं व्हईल.’’ मग थोडे थांबून त्यांनी आपल्या नातवाविषयी सांगितले. ‘‘गणपती बोळवून आलं आन् तसंच झोपलं लेकरू. सकाळी काढलं तवा केसांत गुलाल तसाच व्हता.’’

आमच्या चाळीस ओळींत गुलाल नव्हता. खरे पाहता तो आम्हांस ठाऊक नव्हता असेही नाही. विसर्जनाची रात्र म्हटली की गुलाल आलाच. पण काळरात्रीच्या संकेतात गुलालास जागा नव्हती, म्हणून तो आमच्या मनास शिवला नाही. त्या बाईंनी एका वाक्यात आमचे परीक्षण करून टाकले होते. ‘कंच्या बी गावाचं व्हईल’ याहून नेमकी साहित्यसमीक्षा आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही. त्यानंतर ती कविता आम्ही अनेक वेळा लिहिली. चाळीस ओळींच्या नऊ उरल्या, आणि त्याही छापण्याजोग्या आहेत असे आज म्हणवत नाही.

अवर्षणाविषयी हेच. दुष्काळाची कविता म्हणजे भेगाळलेली भुई, आभाळाकडे लागलेले डोळे आणि हाडे निघालेला बैल. हे एके काळी कोणी तरी पाहून लिहिले असेल. त्यास आमचा नमस्कार असो. पण २०१६ सालचा लातूरचा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांनी काय पाहिले? पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचा हुकूम लागलेला त्यांनी पाहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली आगगाडी त्यांनी पाहिली. पाण्यासाठी पाच माणसांनी एकत्र येणे हा गुन्हा ठरावा आणि पाण्यास रेल्वेचे तिकीट लागावे, हे कोणत्या जुन्या कवितेत आले आहे? ते लिहावयाचे सोडून आमचे तरुण अजून बैलाची हाडे मोजीत बसले आहेत. शेतात सोयाबीन उभे, कवितेत मात्र मोटेचे पाणी पाटाने झुळझुळते. आणि मोट तर या तरुणांच्या वडिलांनीही चालविलेली नसते.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा की, प्रतिभा ही ईश्वरी देणगी. तिला दुरुस्त करणारे आपण कोण? या आक्षेपकांनी आपलीच परंपरा नीट वाचलेली नाही. मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींस एकत्र बांधले. आम्ही त्यांतील पहिली तेवढी घेतली, कारण ती फुकट मिळते असे वाटते. वामनाने तर शब्द घालणे आणि शब्द काढणे हा व्यापार मन डोलायमान आहे तोवर चालूच राहतो असे म्हटले आहे. जेव्हा एकही शब्द बदलता येईनासा होतो तेव्हाच सरस्वती सिद्ध झाली, असा त्याचा निवाडा. लक्षात घ्यावे, शब्द न बदलणे हा वामनाच्या मते कवीच्या श्रमाचा शेवट आहे. आमच्या नवकवींनी तोच आरंभ करून टाकला.

दुसरा आक्षेप विलायतेच्या आधाराने येतो. काव्य म्हणजे प्रबळ भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक, हे वर्ड्‌स्वर्थचे मत महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकास पाठ असते. त्याच प्रस्तावनेत, ज्याने दीर्घ व खोल विचार केलेला आहे अशाच मनुष्याच्या हातून मोलाची कविता होते, असेही तो म्हणतो. ते पाठ नसते. आणि स्वतः वर्ड्‌स्वर्थने काय केले? आपले आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्य १८०५ सालीच पुरे करूनही तो पुढे जन्मभर त्यावर हात फिरवीत राहिला. ते छापले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, १८५० मध्ये. कोलरिजने ‘कुब्ला खान’ स्वप्नात सुचल्याचे सांगितले आणि स्फूर्तिवाद्यांस तो मोठाच आधार वाटला. पुढे १९३४ साली त्या कवितेचे त्याच्या हातचे एक हस्तलिखित प्रकाशात आले. त्यातील काही शब्द छापील प्रतीहून वेगळे निघाले. स्वप्नातील कवितेवरही जागेपणी लेखणी चालली होती, एवढे त्यावरून दिसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार मानला जातो. आमच्या संतांनी कोठे खाडाखोड केली? अभंग त्यांच्या मुखातून वाहिले! यावर आमचे उत्तर असे की, संतांचा अभंग कीर्तनात उभा राहत असे. समोर बसलेला श्रोता हाच त्याचा परीक्षक होता. जे शब्द लोकांच्या जिभेवर बसले नाहीत ते गळाले, जे बसले ते राहिले. आजच्या कवीस अशी रोजची कसोटी नाही. म्हणून त्याने स्वतःच श्रोता होऊन स्वतःस पारखावे लागते. आणि संतांनी शुद्धीकरणाचे काम हलके मानले असे ज्यांस वाटते त्यांनी पैठणकडे पाहावे. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून मूळ ग्रंथात पाठभेद शिरले होते, कोणी आपल्या पदरच्या ओव्याही घुसडल्या होत्या. त्या निवडून काढणे हे काम, ज्याने स्वतः एवढे मोठे भागवत रचले त्या पुरुषास कमीपणाचे वाटले नाही. उलट, यापुढे कोणी त्यात आपली ओवी मिसळू नये अशी कडक ताकीद त्याने देऊन ठेवली.

ते काम दुसऱ्याच्या ग्रंथावरचे होते, हे आम्हांस मान्य आहे. तरी त्यातून घ्यावयाचा धडा आपल्या विषयास नेमका लागू पडतो. आपला प्रत्येकाचा पहिला खर्डा ही अशीच भेसळ झालेली पोथी असते. तीत एखादी ओळ आपली. बाकीच्या शाळेतल्या पुस्तकांनी, चित्रपटांतील गाण्यांनी, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी आणि गाजलेल्या कवींनी आपल्या हातून लिहवून घेतलेल्या. त्यांतून आपली ओळ कोणती हे ओळखून बाकीच्या काढून टाकणे, यासाठी प्रत्येक लेखकाने आपल्या पोथीपुरते एकनाथ व्हावयास हवे. आणि ताकीदही स्वतःसच द्यावयास हवी.

येथे एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. नाही तर आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. पुनर्लेखन म्हणजे सफाई असे पुष्कळांस वाटते. वह्या पुण्या-मुंबईच्या कोणा जाणत्यास दाखवावयाच्या, त्याने गावंढळ वाटणारे शब्द काढून तेथे प्रतिष्ठित शब्द बसवावयाचे, की झाले पुनर्लेखन! हे पुनर्लेखन नव्हे. ही एका संकेताच्या जागी दुसऱ्या संकेताची नेमणूक आहे. माधव जूलियन यांचे उदाहरण या बाबतीत दोन्ही बाजूंनी उद्बोधक आहे. त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ साली निघाला. दुसरा कोणी असता तर तेवढ्या कीर्तीवर स्वस्थ बसता. परंतु त्यांनी दहा वर्षांनी, १९३७ साली, त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती सिद्ध केली, आणि मुंबई विद्यापीठाने त्यांस डी. लिट्. ही पदवी दिली ती या परिश्रमाबद्दल. पुनर्लेखनाचे याहून उजळ उदाहरण मराठीत थोडेच सापडेल. पण त्याच माधवरावांनी, ज्यांनी फारसीचे अध्यापन केले आणि तिच्या शब्दांची आपल्या कवितेत मुक्तपणे उधळण केली, पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला आणि आपल्याच जुन्या काव्यातील परके शब्द वेचून काढावयास आरंभ केला. पहिले पुनर्लेखन वस्तूकडे अधिक जवळून पाहण्यासाठी होते, दुसरे एका मतासाठी. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस दुसरे पटत नाही.

आम्हां मराठवाड्यातील लोकांस तर ते मुळीच पटण्याजोगे नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; दरबार उर्दूचा, वरचे शिक्षण उर्दूतून. आमच्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात जे शब्द मुरले ते त्यांच्या आयुष्याचे साक्षी आहेत. ‘माळवद’ काढून ‘छप्पर’ लिहिले तर भाषा कदाचित सर्वांस कळेल, पण किल्लारीची माणसे कशाखाली मेली हे कोणासच कळणार नाही. म्हणून पुनर्लेखनाची कसोटी शब्द शिष्ट आहे की अशिष्ट ही नव्हे. आमची कसोटी एका प्रश्नाची आहे. खर्डा काही दिवस पेटीत पडू द्यावा. मग बाहेर काढून प्रत्येक विशेषणापाशी, प्रत्येक उपमेपाशी थांबून स्वतःस विचारावे, ‘हे मी पाहिले, की वाचले?’ वाचले असे उत्तर आले तर ती ओळ खोडावी आणि तिच्या जागी काय पाहिले होते ते आठवावे. आठवत नसेल तर जागा रिकामी ठेवावी. ‘मग कल्पनेस थाराच नाही काय?’ असे कोणी विचारील. अलबत आहे, परंतु कल्पनाही आपली असावी. दुसऱ्याच्या कल्पनेची नक्कल करणे यास कल्पना म्हणत नाहीत.

कोणी असेही म्हणतात की, एवढे घोटल्याने ताजेपणा जातो. आम्ही विचारतो, कशाचा ताजेपणा? हजारांच्या तोंडून गेलेला शब्द आपल्या तोंडून प्रथमच निघाला म्हणून तो ताजा होत नाही. १९२५ साली अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ निघाली आणि सारा महाराष्ट्र हसला. ते हसू कशाचे होते? त्या काळच्या कवितेत जे जे यांत्रिक, आपोआप येणारे, कोणासही सहज उतरविता येण्याजोगे झाले होते, तेच विडंबनाच्या चिमटीत सापडले. ज्याचे विडंबन एवढ्या सोप्या रीतीने होते ते मुळात ताजे नव्हतेच.

शेवटी या दोषातील वाटा ज्याच्या त्याच्या पदरात घातला पाहिजे. केवळ तरुण लेखकांस बोल लावून आम्हां वडीलधाऱ्यांस सुटता येणार नाही. मुलाने किंवा मुलीने एक कविता लिहिली की घरात कौतुक होते, आणि ते व्हावेच. पण त्या कौतुकात ‘पुन्हा एकदा लिहून पाहा’ हे वाक्य कोणी घालीत नाही. शाळेत ‘सुंदर’ असा शेरा मिळतो. पुढे घरचे पैसे घालून पुस्तिका छापली जाते, प्रकाशनसमारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, अध्यक्ष ‘उत्स्फूर्त’ हे विशेषण बहाल करतात, आणि एक होतकरू लेखक आपल्या पहिल्याच खर्ड्यात कायमचा कैद होतो. जे आईबाप मुलाच्या गणिताच्या वहीतील चूक एकदाही सोडीत नाहीत, तेच त्याच्या कवितेतील लबाडीस टाळ्या देतात. कारण कवितेतील लबाडीने काही बिघडते असे त्यांस वाटतच नाही.

काय बिघडते ते सांगतो. किल्लारीच्या त्या पहाटे जे मोठे होते, ज्यांनी हातांनी दगड उपसले, त्यांपैकी पुष्कळ आता राहिलेले नाहीत. उरलेले थकले आहेत. त्या पहाटेनंतर जन्मलेली पिढी नव्या जागी, सिमेंटच्या घरांत लहानाची मोठी झाली. तिला जुने गाव कळणार ते आता लिहिलेल्या शब्दांतूनच. आपण त्या शब्दांत काळरात्र आणि चंद्रमौळी झोपडी भरून ठेवली, तर पुढच्या पिढीस एक कोणतेही गाव मिळेल. किल्लारी मिळणार नाही.

मराठी गद्याचा आरंभ कसा झाला याची या प्रसंगी आठवण होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्याकडे ते स्वतः गेले, विचारून घेतले, आणि मिळालेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले. ‘जसे सुचले तसे लिहिले’ असे म्हणण्याची ऐट त्यांनी केली असती, तर आज आपणांजवळ ‘लीळाचरित्र’ नसते.

असो. ज्यांच्या वह्या आमच्याकडे पडून आहेत त्या तरुण मित्रांनी या लेखाने रुष्ट होऊ नये. वह्या घेऊन जाव्यात. पुढच्या खेपेस येताना एकच कविता आणावी, पण तिचे आधीचे सगळे खर्डे बरोबर आणावेत. आम्ही खर्डे आधी वाचू.